उंदीर राखावा की शेवाळ

मित्रांनो, मी उंदीर पकडण्याचा एक जुना पिंजरा आहे. माझ्या सांगण्यावर तुम्ही विश्वास ठेवाल की नाही, याबद्दल मला शंका आहे. मी आत खोबरे दाखवतो आणि मागून दार पाडतो. असा ज्याचा धंदा, त्याचे म्हणणे कुणी का खरे मानावे? शिवाय मला नीट सांगताही येत नाही. तरी आठवते तसे सांगतो. कुठे चुकलो तर समजून घ्या.

कोल्हापुरात एका बोळात पिराजी नावाचे कारागीर तारकाम करीत. त्यांनी मला घडवले. तळाला आंब्याची फळी, वर तारेची जाळी, दाराला स्प्रिंग आणि आत खोबरे अडकवायला आकडा. काम झाल्यावर त्यांनी काडीने आकडा हलवून पाहिला. दार खट् करून पडले. "हं, झाला," असे म्हणून त्यांनी मला बाजूला ठेवले. माझे पहिले कौतुक ते. त्याहून मोठे कौतुक पुढेही फारसे झाले नाही.

नव्वद सालच्या आसपास शाहूपुरीतल्या गुळाच्या एका व्यापाऱ्यांनी मला विकत घेतले. त्यांचे नाव चन्नवीर. गुळाच्या ढेपांमागे घुशी आणि उंदीर फार. रोज संध्याकाळी मला लावत आणि सकाळी उचलून मागच्या बादलीकडे नेत. बादलीत काय होई ते मी सांगत नाही. तिथेच मला संशयाची सवय लागली. खोबरे ताजे असले की मला वाटे, आज कुणाचा तरी शेवट आहे. कुणी गोड बोलले की मी त्याच्या हाताकडे बघू लागे.

चन्नवीर यांची मुलगी विद्याश्री कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत असे. एके दिवशी ती दुकानात आली आणि म्हणाली, "अप्पा, हा पिंजरा मला द्या. आमच्या कॉलेजातल्या सरांना हवाय."

"सरांच्या घरात उंदीर झाल्यात का काय?"

"घरात नाही, डोंगरावर. पकडायचे, मोजायचे आणि परत सोडायचे."

अप्पांनी हातातली सुरी खाली ठेवली. "पकडून सोडत्यात? मग पकडत्यात कशाला? पगार मिळतो व्हय ह्याला?"

मलाही ते खरे वाटले नाही. उंदीर पकडून सोडून देणारा माणूस मी पाहिलेला नव्हता. यात काहीतरी डाव असणार, असेच मी धरून चाललो.

ते सर म्हणजे प्राणिशास्त्राचे कृष्णात सर. उंच, किरकिरे आणि सगळ्यांवर बारीक नजर ठेवणारे. माझ्या मनासारखा माणूस मला प्रथमच भेटला. ते मला एसटीने बिद्रीच्या पुढे एका वाडीत घेऊन गेले. वाडीच्या डोक्यावर जांभ्या दगडाचे पठार होते. वर गवताचा माळ, त्याला लागून खाली एक ओला कडा आणि कड्याच्या पायथ्याशी झरा. वरच्या माळावर सरांचा उंदीर राहत असे आणि खालच्या कड्यावर विद्याश्री मॅडमचे शेवाळ.

आता या दोघांबद्दल सांगायला हवे. मी काही शिकलेला नाही, पण दोघांनाही मी जवळून पाहिले आहे.

तो उंदीर गुळाच्या दुकानातला नव्हे. अंगावर मऊ, मातकट केस, पोट पांढरेशुभ्र, कान मोठे. वाडीतले लोक त्याला पांढरपोट्या म्हणत. सर सांगत, हा आता दोन-तीन डोंगरांवरच उरला आहे. माझ्यात अडकला की तो ओरडत नसे. एका कोपऱ्यात बसून थरथरत असे, इतका की माझ्या तारा हलत. त्याची ऊब माझ्या फळीला लागे. सरांनी त्याला मोजून सोडले की तो दारात थांबे, डावीउजवीकडे बघे आणि मगच पळे. त्याचा हा संशयी स्वभाव मला आवडला.

शेवाळाचे तसे नव्हते. ते नाण्याएवढ्या गाद्यांनी कड्याला चिकटलेले असे. मॅडम म्हणत, ही हरिता, म्हणजे शेवाळाची ही जात, जगात फार थोड्या जागी आहे आणि ज्ञात जागांपैकी ही सर्वांत मोठी. मला मात्र ते शेवाळ पाहून भीती वाटे. उंदीर मेला की मेला. शेवाळ उन्हाने वाळून कोळसा होई, बोट लावले तर भुगा पडेल असे दिसे. मग मॅडम ओंजळभर पाणी शिंपडत आणि ते बघता बघता हिरवे होऊन उघडे. जे मेल्याचे सोंग करते आणि पाणी दिसताच उठून बसते, त्याच्यावर विश्वास कसा ठेवायचा? ते पळत नसे, थरथरत नसे, ते काय विचार करते हे कळायला वावच नव्हता.

सत्त्याण्णव सालच्या पावसाळ्यात गावचे सरपंच हंबीरराव पठारावर आले. दोघांनाही त्यांनी झऱ्यापाशी बोलावले.

"सर, मॅडम, सरळच सांगतो. आमच्या शाळंचं छप्पर गळतंय. खाणीचा ठेकेदार म्हणतोय, जांभा काढू द्या, छप्पर नवं घालून देतो. आता तुमी म्हणताय वरचा माळ सोडा. ह्या म्हणत्यात खालचा कडा सोडा. दोन्ही सोडलं तर ठेकेदारानं काय आभाळ खणायचं? गाव एक जागा राखंल. कुठली ते तुमी दोघं मिळून सांगा. गांधी जयंतीच्या ग्रामसभेत."

"दोघं मिळून?" सर म्हणाले.

"व्हय की. एकाच कॉलेजातलं हाय न्हवं तुमी?"

हंबीरराव गेले. त्या दिवसापासून सर आणि मॅडम एकमेकांशी फार सभ्यपणे बोलू लागले. तेव्हाच मी ओळखले की आता काही खरे नाही.

गणपती आले. घरोघरी मूर्ती बसल्या, पण सर माळ सोडून गेले नाहीत. शाळेच्या व्हरांड्यात मुक्काम करून ते रोज संध्याकाळी पिंजरे लावत. मला माळाच्या कडेला, कड्याच्या अगदी वर ठेवत. मॅडम रोज पहिल्या गाडीने येत आणि सर उठून वर पोचण्याआधीच कड्यापाशी कामाला लागलेल्या असत.

एक दिवस सर आले आणि माझ्यापाशी थांबले. माझे दार पडलेले होते. खोबरे संपलेले होते. आत उंदीर नव्हता. आणि माझ्या फळीवर ओल्या हिरव्या शेवाळाचा एक पुंजका पडलेला होता.

सरांनी तो पुंजका चिमटीत धरला. बराच वेळ ते खाली कड्याकडे, मॅडमच्या पाठीकडे बघत राहिले. दुसऱ्या दिवशी तेच झाले. तिसऱ्या दिवशीही.

मित्रांनो, काय घडत होते ते मला माहीत होते. पहाटे झुंजूमुंजू होताना चिमणाबाई नावाची म्हातारी म्हशींसाठी गवत कापायला माळावर येई आणि मग खाली झऱ्यावर जाई. तिच्या म्हशी पठाराच्या पायथ्याशी असत. आमच्या भागात गणपती बसले की उंदराला कुणी मारत नाही, कोंडत नाही. पुष्कळ घरांत तर त्याचे नावही घेत नाहीत. चिमणाबाई मला बघून पहिल्या दिवशी कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"आरं द्येवा. धनी घरात पाटावर बसलाय, आन् त्येचं वाहन हितं कोंडून घातलंय. ह्या मास्तराला आईबाप हाईत का न्हाईत?"

तिने दार उचलले. पांढरपोट्या नेहमीप्रमाणे दारात थांबला आणि डावीउजवीकडे बघून पळाला. चिमणाबाईने दार पुन्हा पाडले आणि हात जोडून पाण्याला गेली. तिच्या दृष्टीने विषय संपला. शेवाळाचा पुंजका तिने टाकलेला नव्हता. तो उंदीरच तोंडात धरून आत आला होता, कड्यावरून कातरून. खोबरे दिसल्यावर त्याने तो खाली ठेवला आणि दार पडले.

हे सगळे मी पाहिले होते. पण मला तोंड नाही. आणि खरे सांगायचे तर, असते तरी मी बोललो असतो का, कोण जाणे. माझ्यावर कोण विश्वास ठेवणार होते?

चौथ्या दिवशी सरांनी मला तसेच उचलले आणि कड्याखाली नेऊन मॅडमसमोर ठेवले.

"मॅडम, हा पिंजरा तुमच्या घरचा. त्याचं दार कसं उघडतं ते तुम्हाला माहीत आहे."

"म्हणजे?"

"उंदीर सोडून द्यायचा आणि वर ही हिरवी सही करून जायचं. मला कळतं हो. उंदीर सापडले नाहीत की ग्रामसभेत मी काय दाखवणार?"

मॅडमनी पुंजका पाहिला आणि त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी तो तळहातावर घेतला. "हे इथं कसं आलं? सर, तुम्ही माझं शेवाळ उपटून उंदराला अंथरूण घालताय?"

"मी कापूस घालतो. सरकारी कापूस."

"कड्यावर जागोजागी टवके गेलेत. मी म्हटलं, दगड सुटत असतील. आज कळलं. शेवाळच उरलं नाही तर गाव कडा कशाला राखेल, नाही का?"

"मी असला माणूस वाटतो तुम्हाला?"

"कालपर्यंत नव्हता वाटत."

एवढे बोलून त्या पाठमोऱ्या झाल्या. सरांनी मला उचलताना जरा आपटलेच. दोघांच्या हातात एकच पुरावा होता. तो पुंजका नीट वाचला असता तर दोघांचेही काम झाले असते. पण दोघांनीही त्यात एकमेकांचा हात तेवढा पाहिला.

गांधी जयंती आली. मारुतीच्या देवळापुढे ग्रामसभा भरली. खाणीच्या ठेकेदाराचा माणूस पांढऱ्या शर्टात मागे खुर्ची टाकून बसला होता. पुढे एक टेबल. सरांनी पहाटे सापडलेल्या एका पांढरपोट्यासकट मला त्यावर ठेवले. मॅडमनी दुसऱ्या टोकाला एका पितळी ताटात शेवाळाच्या गाद्या मांडल्या. मी फार घाबरलो होतो. आतला उंदीर तर माझ्याहून जास्त. माणसांची गर्दी, तंबाखूचा वास, भोंग्याचा आवाज. लपायला माझ्यात काडीची जागा नव्हती. सर कापूस घालायला विसरले होते.

सर उभे राहिले. "उंदराला रक्त आहे, पिल्लं आहेत. त्याला दुखतं. हा संपला तर परत मिळणार नाही."

मॅडम उभ्या राहिल्या. "उंदराला पाय तरी आहेत. खाणीचा पहिला सुरुंग उडाला की तो पळेल. शेवाळ कुठं पळणार? आणि ते कड्याला पाणी धरून ठेवतं. तुमचा झरा उन्हाळ्यात टिकतो तो त्याच्यामुळंही."

मागून एक आवाज आला. "उंदीर पीक खातोय, आन् शेवाळावरनं माणूस घसरतंय. दोघंबी आपलं दुश्मनच की वो. राखायचं कुणाला?"

सभा हसली. ठेकेदाराचा माणूसही हसला. सरांना राग आला. ते म्हणाले, "माझ्याजवळ अजून आकडे असते. पण गणपतीत कुणीतरी माझे पिंजरे उघडत होतं. कोण ते मी सांगत नाही." आणि ते मॅडमकडे बघत राहिले.

बायकांच्या घोळक्यातून चिमणाबाई उठली. "म्या उघडलं."

सगळे वळले.

"गणपतीत उंदीर कोंडतंय व्हय कुणी? बामणाचा न्हाय, मराठ्याचा न्हाय, असला कुठला रिवाज तुमचा, मास्तर? म्या उघडलं, आन् फुडल्या वर्षीबी उघडीन. काय करायचं ते करा."

सर मॅडमकडे बघेनात. मॅडम मात्र आता पेटल्या. "मग सर, उंदीर आजींनी सोडले. माझं शेवाळ कुणी उपटलं? तेही आजींनीच का?" त्यांनी हात टेबलावर टेकला, ताट सरकले आणि त्याची कड माझ्या जाळीला येऊन लागली.

सर उत्तर द्यायला लागले. मॅडम मध्येच बोलू लागल्या. दोघांचा आवाज चढला. आणि सरपंच हंबीरराव खुर्चीत पुढे वाकले.

"ओ सर, गप्प बसा जरा. तुमचा उंदीर मॅडमचा पुरावा खातोय."

माझ्या तारांतून दोन गुलाबी हात बाहेर गेले होते. पांढरपोट्याने शेवाळाची एक गादी धरली, ओढली, जाळीतून आत घेतली. कोपऱ्यात नेऊन दातांनी पिंजली. परत आला. दुसरी ओढली. लोक पुढे सरकले, तरी तो थांबला नाही. त्याला एकच घाई होती. हळूहळू कोपऱ्यात एक हिरवी वाटी तयार झाली. तो तिच्यात शिरला, वरून एक पापुद्रा ओढून घेतला आणि दिसेनासा झाला. त्याचे थरथरणे थांबले. ते मला फळीत कळले.

"खात नाही," मॅडम हळूच म्हणाल्या. "अंथरतोय."

मग मॅडमनी सरांना विचारले, आता शाळेत विचारावे तसे, "सर, बिळांच्या तोंडाशी काही हिरवं असतं का?"

"असतं. कचरा."

"कसला?"

"हाच असेल. मी बिळं मोजताना काढून टाकत होतो. नीट दिसावं म्हणून." सरांनी चष्मा काढला. "टाकायला नको होता का?"

"याचा तुकडा ओल्या जागी पडला तरी नवीन गादी धरते, सर. कड्याच्या वरच्या अंगाला ते कसं पोचलं, हे मला तीन वर्षं कळत नव्हतं. आणि मी, तुमच्यावर चिडून, माळावर सोडायला आजींकडं मांजर मागणार होते."

"मांजर?" सर म्हणाले.

"मांजर."

हंबीररावांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिले. "म्हंजे कडा खणला तर ह्या उंदराचं अंथरूण गेलं. आन् माळ खणला तर शेवाळाचा गडी गेला. मग एक सांगा म्हणून तुमास्नी काय इचारत बसलोय मी?"

हात वर झाले. माळ आणि कडा दोन्ही राखायचे ठरले. ठेकेदाराचा माणूस खुर्ची तिथेच टाकून निघून गेला. त्याच वेळी पुढच्या रांगेतून कुणीतरी विचारले, "आन् शाळंचं छप्पर?" त्याला कुणी उत्तर दिले नाही.

संध्याकाळी सर आणि मॅडम मला घेऊन माळावर गेले. सरांनी दार उचलले. पांढरपोट्या बाहेर येईना.

"तुम्ही इतक्या जवळ उभ्या राहिलात तर तो येणार नाही," सर म्हणाले.

"आणि तुम्ही?"

दोघेही मागे सरकले, एकमेकांकडे बघत, दुसरा किती मागे जातो ते पाहत. शेवटी उंदीर आला, आणि जाताना तोंडात शेवाळ घेऊन गेला.

त्यानंतर नवे पत्र्याचे पिंजरे आले, घडी होणारे. मला प्रयोगशाळेच्या फळीवर ठेवले. तारांना गंज चढला. वर्षे गेली. सर आणि मॅडम दोघे मिळून पठारावर जात, येऊन माझ्यासमोर चहा पीत, भांडत. उंदीर टिकून आहेत आणि शेवाळ वर माळाकडे चढते आहे, असे त्यांच्या बोलण्यातून कळे. मला ते पूर्ण खरे वाटत नसे. चांगली बातमी ऐकली की मी अजूनही तिच्या हाताकडे बघतो.

मग दोन हजार सात साली निशा नावाची मुलगी बी.एस्सी.ला आली. ती त्याच वाडीची. गावातल्या बौद्धवाड्यातली. प्रयोगशाळेत सरांनी मोठ्या अभिमानाने मला खाली उतरवले आणि वर्गाला ग्रामसभेची गोष्ट सांगितली. मुले हसली. निशा हसली नाही.

"सर, मी तिसरीत होते तवा," ती म्हणाली. "आमच्या शाळंचं छप्पर त्याच्यानंतर पाच वर्षं झालं नाही. पावसात आम्ही दप्तर डोक्यावर घेऊन बसायचो. भिंतीला पाठ लागली की झंपर भिजायचा. बाई म्हणायच्या, उंदरापायी भिजतोय आपण."

मी मनाशी म्हटले, आता ही मला उचलून खिडकीबाहेर फेकणार. फेकले असते तर ती चुकली असे मी म्हणालो नसतो. मी आणि तो उंदीर मिळून तिच्या छपराला नडलो होतो.

तिने मला हातात घेतले. दार वर करून पाहिले.

"उंदीर कसा असतो, सर?" ती म्हणाली. "मी कधी बघितलाच नाही. आमच्या शाळंतल्या कुणीच नाही बघितला. तुमी आम्हाला वर कधी नेलंच नाही."

सरांचा चेहरा मी विसरत नाही. ग्रामसभेत मॅडमसमोर झाला होता त्याहून वाईट. पुढच्या रविवारी सर, मॅडम आणि निशा वाडीला गेले. शाळेतली पोरेही बरोबर घेतली. मला नेले नाही. पिंजरा नको, लांबून शांत बसून बघू, असे मॅडम म्हणाल्या. त्याचे मला वाईट वाटले, आणि वाटले नाही असेही.

सोमवारी निशा आली ती सरळ फळीकडे. इकडेतिकडे कुणी बघत नाही असे पाहून ती माझ्याशी बोलली. म्हणाली, "दिसला की. पांढरं पोट दिसलं. पोरं एवढी गप्प बसलेली मी आजवर बघितली नव्हती."

मित्रांनो, माझे सांगणे संपत आले. मला उपदेश करता येत नाही आणि तो माझ्या तोंडी शोभतही नाही. तरी एक विनंती करतो. लहानसहान जीव राखायचे तर कुणाला तरी काहीतरी सोडावे लागते, आणि ते बहुधा गरिबाला सोडावे लागते. ज्यांच्याकडून असे काही मागून घ्याल, त्यांना ते जीव एकदा नेऊन दाखवा. ते हक्काने बघू द्या. त्या वाडीत हा प्रश्न दर काही वर्षांनी ग्रामसभेपुढे पुन्हा येतो. यंदा ठेकेदार नवा होता. माळ आणि कडा राखायच्या ठरावाच्या वेळी सगळ्यांत आधी हात वर केला तो निशाने, आणि तिच्या मागे त्याच शाळेत भिजलेल्या साऱ्यांनी. या बातमीत खोट काढायचा मी पुष्कळ प्रयत्न केला. मला ती सापडली नाही.